टर्नर सिंड्रोम आणि ग्रोथ हार्मोन : पहिल्या मोजमापापासून शेवटच्या इंजेक्शनपर्यंत

लेकीचा पहिलीतला गणवेश तिला तिसरीतही होत होता. कापड टिकाऊ निघालं, पैसे वाचले, म्हणून मी शेजारणीला त्या दुकानाचा पत्तासुद्धा दिला होता. स्कर्टची खालची दुमड एकदाही उसवावी लागली नाही, याचा अर्थ काय ते माझ्या डोक्यात शिरायला आणखी एक वर्ष गेलं.

सासूबाई म्हणायच्या, आमच्याकडच्या बायका उंचीला कमीच. मी १५४ सेंटीमीटर, नवरा १६८, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. जवळच्या एका डॉक्टरांनी दोनदा "वाढेल हो, घाई काय आहे" म्हणून टॉनिक लिहून दिलं. टर्नर सिंड्रोमचं निदान झालं तेव्हा ती साडेआठ वर्षांची होती आणि उंची होती १११.५ सेंटीमीटर. आज ती सतराची आहे, १४६.५ सेंटीमीटर. मधल्या सात वर्षांत अडीच हजाराच्या आसपास इंजेक्शनं झाली. तेव्हा आम्हाला कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं बरंच काही होतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. यातला डोस वाचून कुणी घरी काही ठरवू नये. मात्र डोस कसा निघतो हे कळलं, की डॉक्टरांसमोर बसून नेमके प्रश्न विचारता येतात.

आधी आजार समजून घ्या

मुलींमध्ये साधारणपणे दोन एक्स गुणसूत्रं असतात. टर्नरमध्ये त्यातलं एक संपूर्ण नसतं, अर्धवट असतं, किंवा काही पेशींत असतं आणि काहींत नसतं. दर दोन ते अडीच हजार जन्मलेल्या मुलींमागे एकीला हे असतं, म्हणजे फार दुर्मीळही नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या हेन्री टर्नर यांनी १९३८ साली सात रुग्णांचं वर्णन केलं, त्यांचं नाव लागलं. गुणसूत्राचा उलगडा मात्र १९५९ साली झाला.

उंची खुंटण्याचं मोठं कारण म्हणजे एक्सच्या टोकाला असलेलं शॉक्स नावाचं जनुक. हाडांच्या वाढीसाठी त्याच्या दोन प्रती लागतात, इथे एकच काम करते. म्हणजे या मुलींच्या शरीरात ग्रोथ हार्मोन बहुधा पुरेसं असतं, हाडं त्याला कमी दाद देतात. म्हणून बाहेरून जास्त हार्मोन देऊन त्यांना ढकलावं लागतं. हे एवढ्यासाठी सांगते, की बऱ्याच ठिकाणी मुलीला उपाशीपोटी नेऊन, दर अर्ध्या तासाने रक्त काढून ग्रोथ हार्मोनची उत्तेजन चाचणी करतात. कॅरिओटाइपवर, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत, टर्नर सिद्ध झालेलं असेल आणि वाढीचा आलेख टर्नरसारखाच असेल, तर या चाचणीची सहसा गरज नसते. कुणी सुचवलीच, तर "कशासाठी?" असं विचारायला लाजू नका.

आणखी एक गोष्ट. हा आजार आईकडून-वडिलांकडून चालत आलेला नसतो. पेशी विभागताना झालेली ती चूक आहे. माझ्या एका आतेसासूबाईंनी ग्रहणात विळी धरली होतीस का, असं विचारलं होतं. मी तेव्हा गप्प बसले आणि रात्री खरंच आठवत बसले. तुम्ही बसू नका.

पायरी पहिली : भिंत, पुठ्ठा, पेन्सिल

शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या उंचीवर विसंबू नका. तिथे बूट घालून, वेणीसकट, गर्दीत मोजलेलं असतं. घरी मोजायचं ते असं : पाय अनवाणी, वेणी किंवा अंबाडा सोडलेला, टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर सरळ, हनुवटी ना वर ना खाली. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरायचं आणि त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलची रेघ मारायची. मग जमिनीपासून स्टीलच्या टेपने मोजायचं. शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते, ती नको. तीनदा मोजून सरासरी घ्या. आणि दर वेळी दिवसाच्या त्याच वेळी मोजा, कारण सकाळपेक्षा संध्याकाळी माणूस सेंटीमीटरभर बुटका होतो. आमच्याकडे रविवारी सकाळी, आंघोळीच्या आधी.

एका आकड्यातून फारसं काही कळत नाही, दोन आकड्यांमधल्या अंतरातून कळतं. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. वर्षभरात चारच्या आत राहिलं तर थांबू नका. आकडे तक्त्यावर टाका. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आणि पाच ते अठरासाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे. हे दुसरे भारतीय मुलांच्या मापांवरून केलेले आहेत आणि ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात.

आता "आमच्याकडे सगळे बुटकेच" हे तपासायची रीत. मुलीसाठी : वडिलांच्या उंचीतून १३ वजा करा, त्यात आईची मिळवा, निम्मे करा. आमचं झालं १६८ वजा १३, म्हणजे १५५, अधिक १५४, म्हणजे ३०९, निम्मे १५४.५. म्हणजे घराण्याच्या हिशोबाने तिने १५४ च्या आसपास जायला हवं होतं. ती ज्या रेघेवर चालली होती ती रेघ तिथे कधीच पोचणार नव्हती. हे गणित सासूबाईंना पाटीवर करून दाखवलं, तेव्हा कुठे घरातला वाद थांबला.

उंचीखेरीज काही खुणा असतात : जन्मतः सुजलेली पावलं आणि हाताची पाठ, मानेवर खालपर्यंत उतरलेली केसांची रेषा, मानेच्या कडेची सैल कातडी, कोपरातून बाहेर वळलेले हात, बारीक, वर वळलेली नखं, वारंवार फुटणारे कान. आमच्या लेकीची पावलं जन्मताना फुगलेली होती आणि बाळंतिणीच्या खोलीत जमलेल्या सगळ्या म्हणाल्या, बाळ कसं गुबगुबीत आहे! पण कित्येक मुलींत यातलं काहीच दिसत नाही, फक्त उंची कमी असते. म्हणून उंची विनाकारण कमी असलेल्या प्रत्येक मुलीची कॅरिओटाइप तपासणी व्हावी, असं तज्ज्ञ सांगतात.

पायरी दुसरी : कॅरिओटाइप आणि त्यापुढच्या तपासण्या

कॅरिओटाइप म्हणजे रक्तातल्या पेशी वाढवून त्यांतली गुणसूत्रं मोजणं. पेशी वाढायला वेळ लागतो, त्यामुळे रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. रिपोर्टवर "४५,एक्स" असं असेल, किंवा दोन ओळी तिरप्या रेघेने जोडलेल्या असतील. म्हणजे काही पेशी एका प्रकारच्या, काही दुसऱ्या; त्याला मोझॅइक म्हणतात. किती पेशी मोजल्या ते पाहा, तीसच्या आसपास असाव्यात. वाय गुणसूत्राचा अंश आहे का, हेही स्पष्ट विचारा. असेल तर अंडाशयाच्या जागी गाठ होण्याचा धोका असतो आणि त्याचा निर्णय वेगळा, शस्त्रक्रियेचा असतो.

निदानानंतर पहिलं इंजेक्शन कधी, याचीच घाई होते. माझीही झाली होती. पण त्याआधी हृदय. टर्नरमध्ये महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं किंवा महाधमनी एका जागी अरुंद असणं, हे बऱ्याच मुलींत सापडतं आणि बाहेरून काही कळत नाही. टू डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लहान मुलांच्या हृदयाचे एको करणाऱ्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. रक्तदाब दोन्ही हातांना आणि पायालाही मोजायला सांगा. हाताला जास्त आणि पायाला कमी आला तर महाधमनी अरुंद असल्याची शंका येते. पायाला पट्टा बांधायला सांगितलं तेव्हा एका सिस्टरनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं होतं. पाहू द्या.

बाकीचं पटकन सांगते : मूत्रपिंडाची सोनोग्राफी (दोन्ही मूत्रपिंडं जोडलेली असू शकतात), थायरॉइड, सिलिॲक आजाराची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणाऱ्या त्रासाची) रक्ततपासणी, साखर, श्रवणचाचणी, डोळे, पाठीचा कणा, आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे. या शेवटच्यातून हाडाचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झाली ते, कळतं. पुढच्या सगळ्या प्रवासात जन्मतारखेपेक्षा हेच वय जास्त कामाचं.

पायरी तिसरी : किती सेंटीमीटर, हे आधीच विचारा

हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला आम्ही एक वर्ष घाबरलो. विचारा. उपचार न घेतलेली टर्नरची मुलगी मोठेपणी तिच्या समाजातल्या सरासरी स्त्रीपेक्षा साधारण २० सेंटीमीटर कमी राहते. आई-वडील उंच असतील तर ती त्या मानाने उंच, बुटके असतील तर बुटकी. अंतर मात्र तेवढंच राहतं.

उपचाराने त्यातलं किती भरून निघतं? कॅनडात ७ ते १३ वर्षांच्या १५४ मुलींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करून अभ्यास झाला आणि तो २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला हार्मोन, दुसऱ्याला नाही. साधारण पावणेसहा वर्षांनी हार्मोनवाल्या मुली सरासरी १४७.५ सेंटीमीटर, दुसऱ्या १४१. बाकीचे फरक जमेस धरले तर हार्मोनची कमाई ७.२ सेंटीमीटर. म्हणजे बोटं जुळवलेला आपला तळवा जेवढा रुंद असतो, जवळपास तेवढी. जाहिरातीत दाखवतात तसं काही यात नाही. पण बँकेच्या काउंटरवर टाचा न उंचावता सही करता येणं आणि न येणं, बसचा दांडा हाताला लागणं आणि न लागणं, हा फरक त्या सात सेंटीमीटरांतच असतो.

लवकर सुरू केल्यास चित्र आणखी सुधारतं. अमेरिकेत ९ महिने ते ४ वर्षं वयाच्या ८८ मुलींवर झालेल्या, २००७ साली छापून आलेल्या अभ्यासात, दोन वर्षं हार्मोन घेतलेल्या मुली आपल्या वयाच्या सरासरीच्या अगदी जवळ आल्या आणि न घेतलेल्या आणखी मागे पडल्या. दोन गटांतलं अंतर दोनच वर्षांत ६.८ सेंटीमीटर झालं. २०१७ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत चार ते सहाव्या वर्षी सुरुवात करा, निदान बारा-तेराच्या आत तरी, असं म्हटलं आहे. आमची सुरुवात साडेआठला. टॉनिकची ती दोन वर्षं मला अजूनही टोचतात.

तुमच्या मुलीला टर्नर नसून दुसरं काही असेल, तर हेच गणित लावू नका. शॉक्स जनुकाचा एकट्याचा दोष असेल तर फायदा टर्नरइतकाच मिळतो. नूनान सिंड्रोम या दुसऱ्या जनुकीय आजारातही हार्मोन देतात, पण तिथे हृदयाचा स्नायू जाड होण्याची शक्यता असते, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ सोबत हवेतच. प्रेडर-विली या आणखी एका जनुकीय आजारात उंचीपेक्षा स्नायू आणि चरबीचं प्रमाण सुधारण्यासाठी देतात. आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी करतात आणि वजन फार वाढलेलं असेल तर देत नाहीत. ब्लूम सिंड्रोमसारख्या, कर्करोगाचा धोका मुळातच वाढवणाऱ्या आजारांत हे हार्मोन टाळतात. एका आजाराच्या मुलीचं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्या आजाराच्या मुलीला लागू पडत नाही.

पायरी चौथी : डोस आणि पैसे

टर्नरसाठी रोजचा डोस साधारण किलोमागे ४५ ते ५० मायक्रोग्रॅम असतो. डॉक्टर कधी तो वाढवतात, ६८ च्या पुढे नेत नाहीत. ५० धरून हिशोब पाहा. २० किलोची मुलगी : रोज १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम. महिन्याला ३० मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅमची कार्ट्रिज (इंजेक्शनच्या पेनमध्ये बसणारी औषधाची नळी) असेल तर महिन्याला तीन. काही कार्ट्रिजवर मिलिग्रॅमऐवजी युनिट लिहिलेली असतात. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. मेडिकलवाल्याशी बोलताना, बिल तपासताना, कंपन्यांचे भाव ताडून पाहताना नेहमी मिलिग्रॅममध्येच बोला, म्हणजे फसगत होत नाही.

आता यातली मेख. मुलगी वाढली, वजन वाढलं, की डोस वाढतो. ३० किलोला महिन्याला ४५ मिलिग्रॅम, ४० किलोला ६०. म्हणजे पहिल्या वर्षाचा खर्च सातव्या वर्षी दुप्पट. बहुतेक घरं पहिल्या वर्षाचा आकडा धरून हो म्हणतात आणि तिसऱ्या वर्षी अडकतात. मग डोस वाढवायचा राहून जातो, अंगाच्या मानाने तो कमी पडू लागतो, वाढ मंदावते आणि लोक म्हणतात, औषधाचा असर संपला. आमच्याही घरी चौथ्या वर्षी पाच महिने असंच झालं. म्हणून सुरुवातीलाच पाच-सहा वर्षांचा आकडा मांडा, वाढत्या वजनासकट.

मदतीचा एक रस्ता सांगते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात टर्नरसाठीच्या ग्रोथ हार्मोनचा समावेश आहे. २०२२ पासून त्या धोरणाखाली रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, ती ठरवून दिलेल्या रुग्णालयांतून, म्हणजे सेंटर ऑफ एक्सलन्समधून मिळते. मुंबईचं के. ई. एम. रुग्णालय त्यांपैकी एक आहे. तिथे जाताना कॅरिओटाइपचा मूळ रिपोर्ट, वाढीचा तक्ता, एकोचा रिपोर्ट आणि आधारकार्ड एका फाइलमध्ये न्या. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात करा. त्याशिवाय औषध कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना असतात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कळत नाहीत.

पायरी पाचवी : रोज रात्रीची पाच मिनिटं

शरीराचं स्वतःचं ग्रोथ हार्मोन झोपेत जास्त सुटतं, म्हणून इंजेक्शन रात्री. आमच्याकडे दात घासून झाले की.

हात धुवा. पेन फ्रिजमधून दहा मिनिटं आधी काढून ठेवा, गार औषध जास्त टोचतं. नवी सुई लावा; एकच सुई दोनदा वापरली की बोथट होते आणि ठणकते. नव्या कार्ट्रिजला सुईच्या टोकावर थेंब येईपर्यंत हवा काढा. डोस फिरवा आणि आकडा मोठ्याने वाचा, म्हणजे चूक दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर पडते. सुई चार-पाच मिलिमीटरची असते, ती सरळ काटकोनात आत. बटण पूर्ण दाबून दहा आकडे मोजा आणि मगच बाहेर काढा. आम्ही पहिले काही आठवडे बटण दाबलं की लगेच काढायचो आणि कातडीवर एक टपोरा थेंब राहायचा. तो पुसून टाकायचो. किती पैसे पुसले, देव जाणे. क्लिनिकमधल्या सिस्टरनी पाहिलं आणि डोक्याला हात लावला : "ताई, डोस बाहेरच राहतोय की तुमचा."

जागा रोज बदला. सोम-मंगळ मांड्या, बुध-गुरु पोट, शुक्र-शनि ढुंगण, असा काही क्रम कॅलेंडरवरच लिहा. एकाच जागी टोचत राहिलं तर तिथे गाठ किंवा खड्डा पडतो आणि औषध नीट शोषलं जात नाही. मुलं न दुखणारी एक लाडकी जागा शोधतात आणि तीच पुढे करतात. ती बहुधा अशीच बधिर झालेली असते.

सुई काढून, टोपण लावून पेन परत फ्रिजमध्ये. वापरलेल्या सुया फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीत टाका, बाटली भरली की झाकण लावून दवाखान्यात द्या. घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागते.

एखादा दिवस राहिला तर राहिला, दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. पण राहिलेल्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये लाल गोल करा. महिन्यात तीन-चार गोल दिसायला लागले तर कारण शोधा. आमच्याकडे कारण होतं आजोळ : तिथे गेली की "सुट्टीत तरी पोरीला टोचू नका" म्हणून माझी आई तिची बाजू घ्यायची.

पायरी सहावी : फ्रिज, लोडशेडिंग आणि कोकणची गाडी

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. मधल्या कप्प्यात, डब्यात घालून. दारात नको, दार उघडझाप होतं. मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याखाली चिकटून तर अजिबात नको. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर दिसतं पूर्वीसारखंच, पण ते फेकायचं असतं. हलवून खळखळून मिसळू नका, बाटली हळू फिरवा. उघडलेलं कार्ट्रिज बहुतेक कंपन्यांचं २८ दिवस चालतं. पहिल्या दिवशीच त्यावर तारीख लिहा.

लोडशेडिंगमध्ये बंद फ्रिज चार-पाच तास सांभाळून घेतो, फक्त सारखा उघडायचा नाही. गावच्या गणपतीला जाताना आम्ही रुंद तोंडाचा थर्मास नेतो : तळाला बर्फाची जेल पिशवी, तिच्यावर जाड पंच्याची घडी, मग प्लास्टिकच्या डबीत पेन. बर्फ आणि पेन एकमेकांना लागता कामा नयेत. पहिल्या वर्षी ती घडी घालायला विसरलो, चिपळूणच्या पुढे डबी उघडली तर कार्ट्रिजवर बर्फाची पापुद्री. दहा दिवसांचं औषध गेलं. विमानात पेन केबिन बॅगेतच, डॉक्टरांच्या पत्रासह. सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं.

पायरी सातवी : दर तीन ते सहा महिन्यांनी

भेटीत उंची, वजन, रक्तदाब, कणा, आणि वजनानुसार डोस. वर्षातून एकदा तरी आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारा घटक) या नावाची रक्ततपासणी. ते फार वर गेलं तर डोस कमी करतात, फार खाली असेल तर औषध अंगात पोचत नसतं. साखर आणि थायरॉइडही वर्षाला.

पहिल्या वर्षी वाढ सगळ्यात जोरात असते. आमची उंचीची वही सांगते : पहिल्या वर्षी ८ सेंटीमीटर, मग ६, मग साडेपाच, पाच, साडेचार. म्हणजे दुसऱ्या वर्षी वेग कमी झाला म्हणून घाबरायचं नाही. पहिल्याच वर्षी वेग वाढला नाही, तर मात्र कारण शोधायचं, आणि या क्रमाने : चुकलेले दिवस, टोचण्याची पद्धत, फ्रिज, वजनानुसार न वाढवलेला डोस, थायरॉइड, सिलिॲक. औषध बदलण्याचा विचार या सगळ्यानंतर.

काही लक्षणं दिसली तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. एक : सकाळी उठल्यावर जोराचं डोकं दुखणं, उलटी, अंधुक दिसणं, मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो, इंजेक्शन थांबवून लगेच फोन करा. दोन : मांडी, गुडघा किंवा नितंब दुखून लंगडणं, मांडीच्या हाडाचं डोकं सरकलेलं असू शकतं. गुडघा दुखतो म्हणते म्हणून बाम चोळत बसू नका, मूळ दुखणं खुब्यात असतं. तीन : खूप तहान, सारखी लघवी. चार : छातीत किंवा पाठीत एकाएकी फाटल्यासारखं दुखणं, त्याचा हार्मोनशी संबंध असो-नसो, टर्नरच्या मुलीला सरळ मोठ्या रुग्णालयात न्या आणि दारातच टर्नर आहे असं सांगा.

शेजारीपाजारी विचारतील, स्टेरॉइड देता का? नाही. मेलेल्या माणसाचं असतं ना? १९८५ पर्यंत खरंच मृतांच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढायचे आणि त्यातून काही रुग्णांना मेंदूचा गंभीर आजार झाला. तेव्हापासून ते प्रयोगशाळेत, जिवाणूंकडून किंवा पेशींकडून करून घेतात.

पायरी आठवी : इस्ट्रोजेन, आणि इथे चुकू नका

टर्नरच्या बहुतेक मुलींची अंडाशयं पुरेसं काम करत नाहीत, त्यामुळे वयात येण्यासाठी इस्ट्रोजेन बाहेरून द्यावं लागतं. इस्ट्रोजेनने हाडांची टोकं जुळतात आणि वाढ थांबते, म्हणून पूर्वी ते चौदा-पंधरा वर्षांपर्यंत लांबवत. मुलगी उंचीसाठी लहान दिसत राहायची आणि वर्गात एकटी पडायची. आता अकरा-बाराव्या वर्षी अगदी बारीक डोसाने सुरू करून दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवतात. एवढ्या बारीक डोसाने उंचीचं नुकसान होत नाही. त्वचेतून देणं जास्त पसंत करतात. पॅच सगळीकडच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, तेव्हा जेल किंवा गोळीचा पर्याय डॉक्टरांशी बोला. गर्भनिरोधक गोळ्यांनी सुरुवात करू देऊ नका, त्यातला डोस या वयाला खूप मोठा असतो.

हे सगळं मुलीला कोण सांगणार, हा प्रश्न घरात टाळला जातो. आम्ही दहाव्या वर्षी उंचीचं सांगितलं, बाराव्या वर्षी पाळीचं, आणि मूल होण्याबद्दल तिने चौदाव्या वर्षी स्वतःच विचारलं. भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. मी नळ बंद केला आणि मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. बाकीचं आम्ही दोघींनी मिळून डॉक्टरांना विचारलं.

थांबायचं कधी

हाडाचं वय चौदाच्या आसपास आलं आणि वर्षाची वाढ दोन सेंटीमीटरच्या खाली गेली, की इंजेक्शन थांबवतात. त्यापुढे टोचलं तरी उंची वाढत नाही, पैसे तेवढे जातात. "अजून सहा महिने देऊन बघू" असा मोह होतो, मलाही झाला. मनगटाचा एक्स-रे समोर धरून डॉक्टरांनी जुळलेल्या फटी दाखवल्या, मग पटलं. उरलेली कार्ट्रिज कुणा ओळखीच्या बुटक्या मुलाला देऊ नका; ती क्लिनिकमध्ये परत द्या.

हार्मोन थांबलं तरी फाइल बंद होत नाही. इस्ट्रोजेन चालूच राहतं, हाडांसाठीही. एको आणि पुढे एम.आर.आय. हृदयरोगतज्ज्ञ सांगतील त्या अंतराने, आयुष्यभर. श्रवण, थायरॉइड, साखर, रक्तदाब ठरावीक काळाने. बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना बऱ्याच मुली मधेच गळतात, म्हणून जुन्या डॉक्टरांकडून नव्या डॉक्टरांच्या नावे पत्र घ्या आणि पहिली भेट ठरल्याशिवाय जुनी सोडू नका. आमच्या लेकीने परवा ती फाइल माझ्याकडून मागून घेतली, पानांवर क्रमांक टाकले आणि पुढच्या एकोची तारीख स्वतःच्या मोबाइलमध्ये लावली.